पंडिता रमाबाईंचे बहिरेपण

केडगाव म्हटले की नगरकराच्या डोळ्यांपुढे आपल्या शहराला लागून असलेले केडगाव उभे राहते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातले केडगाव ते नव्हे. ते दौंड तालुक्यात, दौंडहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. आपल्याकडून दौंडमार्गे पुण्यास जाणारी गाडी त्या स्थानकावरून पुढे जाते. पण याच ठिकाणी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे काढली आणि दुष्काळात होरपळलेल्या शेकडो स्त्रियांना आसरा दिला, याची आठवण गाडीतल्या फार थोड्या प्रवाशांना होत असेल.

रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचा आंतरजातीय विवाह, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते. रमाबाईंना कमी ऐकू येत असे. ऐन पंचविशीत या व्याधीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली आणि पुढे ती वाढतच गेली. रमाबाईंचे जीवन या एका बाजूने पुन्हा पाहिले, तर केवळ त्यांच्याविषयीच नव्हे, तर आपल्या घरांतील आणि वर्गांतील कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी आपण कसे वागतो याविषयीही काही उमगण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कुशीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकू नये असा तो काळ; परंतु अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकवले. त्यावरून स्वजनांचा रोष ओढवला, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीला शिकवण्याचे काम स्वतःकडे घेतले. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, पहाटे, झोपेतल्या रमेला जागे करून आई श्लोक सांगे आणि मुलगी ते पाठ म्हणे. पाटी-पुस्तकाचे स्थान या शिक्षणात दुय्यम होते. जे काही यायचे ते आईच्या मुखातून कानात आणि कानातून स्मरणात. वेदांना श्रुती म्हणणाऱ्या परंपरेत हे स्वाभाविकच होते. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते याच रीतीने. रमाबाईंची सारी विद्या मुळात कानांनी कमावलेली होती, ही गोष्ट पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावयास हवी.

रानातला आश्रम मोडल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळांत, घाटांवर पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढावेत, असा त्यांचा क्रम होता. दक्षिणेत दुष्काळ पडला, गाठचा पैसा संपला, कष्टाची कामे करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत १८७४ साली आधी अनंतशास्त्री आणि पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या. मोठी बहीणही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. दोघे पायी हिंडत, पुराणे सांगत, १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तिच्या व्याख्यानांना गर्दी लोटू लागली. सभेत प्रश्न यावा आणि तिथल्या तिथे संस्कृतात उत्तर द्यावे, अशी ही विद्या होती. त्या वेळी रमाबाईंचे सामर्थ्य वाणी आणि कान या दोहोंवर उभे होते.

पुढील चार वर्षांत आघातांमागून आघात आले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. रानडे प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोग पुण्यास आला, तेव्हा रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण खुले करावे, कारण पुरुष वैद्यापुढे जाण्यास संकोचून कित्येक स्त्रिया औषधावाचून मरतात, असे त्यांनी आयोगास सांगितले. या साक्षीनंतर स्वतःच वैद्यक शिकण्याचा त्यांनी निश्चय केला. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज केली आणि पुण्यात काम करणाऱ्या एका इंग्रज ख्रिस्ती भगिनीसंघाच्या ओळखीवर १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

वाँटेज येथे त्या भगिनीसंघाच्या मठात त्या राहिल्या. सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र ज्या हेतूने त्या आल्या होत्या तो तडीस जाणार नाही, हे त्यांना लवकरच कळून आले. श्रवणदोषामुळे वैद्यकाचा अभ्यास त्यांना झेपण्यासारखा नाही, असे ठरले. रोग्याची हकीकत ऐकावयाची, छातीला नळी लावून हृदयाचे आणि फुप्फुसांचे सूक्ष्म आवाज ओळखावयाचे, वर्गात प्राध्यापकांची व्याख्याने टिपून घ्यावयाची. त्या काळचे वैद्यकशास्त्र ही बऱ्याच अंशी कानाने शिकावयाची विद्या होती. कानांच्या बळावर पंडिता झालेल्या स्त्रीची वाट कानांनीच अडवावी, यात दैवाची क्रूर थट्टा होती.

कमी ऐकू येणे म्हणजे नेमके काय, याची कल्पना धड ऐकू येणाऱ्या माणसाला सहसा नसते. आवाज बारीक होतात, म्हणजे मोठ्याने बोलले की काम भागते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही. ध्वनीच्या लहरी पडद्यावर आदळतात, पडद्यामागची तीन चिमुकली हाडे त्या आत पोहोचवतात, आणि गोगलगायीच्या शंखासारख्या अंतःकर्णातील केसाळ पेशी त्यांचे विद्युत्संदेशात रूपांतर करून ते मेंदूकडे धाडतात. कानात मळ साचला, पडदा फाटला किंवा हाडे ताठरली, तर आवाज आत पोहोचण्यात अडथळा येतो. असा दोष औषधाने वा शस्त्रक्रियेने पुष्कळदा दूर होतो. केसाळ पेशींचे मात्र वेगळे आहे. एका कानात त्या सुमारे पंधरा-सोळा हजार असतात. एकदा नष्ट झालेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. बहुधा उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण स, श, त, क, प यांसारखी व्यंजने निसटतात. बोललेले ऐकू येते, परंतु काय बोलले ते कळत नाही. मग माणूस ओठांकडे पाहतो, मागचा-पुढचा संदर्भ जुळवतो आणि निसटलेला शब्द अंदाजाने भरून काढतो.

हा अंदाज मातृभाषेत बांधता येतो. नव्या भाषेत तो बांधणार कशावर? रमाबाईंनी इंग्रजीचे प्राथमिक पाठ पुण्यात घेतले होते. इंग्लंडात उतरल्यावर त्यांना ती भाषा अनोळखी उच्चारांच्या लोकांत, अधू कानांनी आत्मसात करावयाची होती. चहूकडे परके लोक, वेगळा धर्म, पदरी लहान मूल, आणि त्यात वाक्यावाक्याला अंदाज बांधण्याचा हा शीण. बाईंच्या इंग्लंडमधील वास्तव्याचा विचार करताना हा शीण आपण हिशेबात धरत नाही, कारण तो दिसत नाही. आंधळ्याची काठी दिसते, लंगड्याची कुबडी दिसते. बहिऱ्याजवळ दिसण्यासारखे काही नसते. म्हणून त्याच्या व्यंगाचा अर्थ लोक मंदपणा, हट्ट किंवा गर्विष्ठपणा असा लावून मोकळे होतात.

त्या काळी उपाय तरी कोणते होते? कानाला लावावयाचा कर्णा होता. विजेवर चालणारे श्रवणयंत्र विसाव्या शतकाच्या तोंडाशी आले. श्रवणशक्ती डेसिबलमध्ये मोजणारे यंत्र त्याहून पुढचे. आपल्या देशात मूकबधिर मुलांसाठी पहिली मानली जाणारी शाळा मुंबईत निघाली ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे रमाबाई इंग्लंडात असतानाच. सारांश, वैद्यकाचा मार्ग खुंटलेल्या त्या पंचवीस वर्षांच्या स्त्रीला वैद्यकशास्त्राकडून मिळण्यासारखे फारसे काही नव्हते.

तथापि तिला दुसरी वाट दाखवणारी माणसे भेटली. चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी १८८४ साली रमाबाईंना आपल्याकडे घेतले. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी, गणित, निसर्गशास्त्रे यांचा अभ्यास करीत. त्यांची बुद्धी कानांपाशी अडून राहू नये, अशी ही व्यवस्था होती. याच काळात वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा धर्मविषयक पत्रव्यवहार झाला. तो पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ती पत्रे वाचताना आश्चर्य वाटते. ज्यांच्या आश्रयाने राहावयाचे, त्यांच्याशीच ही परदेशस्थ विधवा मुद्द्यामागून मुद्दा मांडत, परक्या भाषेत निर्भयपणे वाद घालते. कलकत्त्याच्या सभेत जे सामर्थ्य तिच्या वाणीत होते, ते आता लेखणीत उतरले होते. कागदावरच्या शब्दाला कानाची गरज नसते. बहिरेपणामुळेच त्या लेखणीकडे वळल्या असे म्हणणे धाडसाचे होईल. पण कान साथ देईनासे झाले असता लेखणीने त्यांना किती मोठा आधार दिला असेल, हे कोणासही समजण्यासारखे आहे.

१८८६ च्या मार्च महिन्यात रमाबाई अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली आणि रमाबाई ते दृश्य पाहत होत्या. जी पदवी आपल्यास मिळावी म्हणून समुद्र ओलांडला, ती आपल्याच नात्यातील एक मुलगी घेत आहे, हे पाहताना त्यांच्या मनात काय आले असेल, ते त्यांचे त्यांना ठाऊक. त्यांनी त्यानंतर केले ते असे: दोन वर्षांहून अधिक काळ त्या अमेरिकेत राहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली, हिंदू विधवांच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनकडून दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन मिळवले. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. ही पद्धती पाठांतरावर भर न देता डोळे आणि हात यांच्याकरवी शिकवण्याची आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. परतल्यावर त्यांनी अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात त्या देशाचा राज्यकारभार, शिक्षण, उद्योग आणि स्त्रियांची स्थिती यांचे वर्णन आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते आवर्जून वाचावे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले गेले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत. १८९३ साली मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि ‘केसरी’ने कडक टीका केली. त्या वादाचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. संस्था मात्र मोडली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी स्वतःच्या घरात पाहिलेली उपासमार त्यांनी तेथे पुन्हा पाहिली आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा संस्थेच्या उत्पन्नासाठी केडगावास घेतलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी निवारे उभे राहिले. हीच मुक्ती. १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे हाल होत असल्याची जाहीर तक्रार रमाबाईंनी वृत्तपत्रातून केली आणि सरकारास उत्तर देणे भाग पाडले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या जणींना जेवू घालणे हे दानधर्माने भागणारे काम नव्हे. मुक्तीत शेती होती, गाईगुरे होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होते, छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सर्व काम स्त्रिया करीत. मनोरमाबाईंच्या पुढाकाराने तेथे अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्यात येई आणि हातांनी करता येतील अशी कामे त्यांना देण्यात येत. ज्या संस्थेची चालक स्वतः कमी ऐकत असे, तेथे एखादे इंद्रिय अधू म्हणून माणूस निरुपयोगी ठरत नसे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रमाबाई स्वतः सुमारे दीड तप मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. त्यानंतर अवघ्या आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम पुरे करून रमाबाईंनी देह ठेवला.

अशा चरित्रातून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. बहिरेपण आले म्हणून काय झाले, जिद्द असली की सर्व काही साधते, असे आपण म्हणतो आणि निश्चिंत होतो. हा निष्कर्ष मला घातक वाटतो. रमाबाईंच्या अंगी असामान्य बुद्धी होती, त्यांना लिहिता-वाचता येत होते आणि एक दार बंद झाल्यावर दुसरे उघडून देणारी संस्था त्यांना भेटली. या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत त्याने काय करावे? शिवाय रमाबाई वैद्य झाल्या नाहीत, ही हानी झालीच. अर्थशास्त्रात आम्ही वैकल्पिक खर्चाची संकल्पना शिकवतो. एका गोष्टीपायी जी दुसरी हुकली, तिचे मोल म्हणजे वैकल्पिक खर्च. हा खर्च कोणत्याही खतावणीत चढत नाही, म्हणून तो झालाच नाही असे आपण मानतो. बहिरेपणाचा खर्च बव्हंशी याच जातीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचाराविना राहिलेल्या श्रवणदोषाची किंमत जगाला दरवर्षी जवळजवळ एक लाख कोटी डॉलर इतकी मोजावी लागते. जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी साहाय्याची गरज आहे. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. सौम्य दोष लपवण्याची आपली सवय पाहता खरा आकडा त्याहून बराच मोठा असणार.

हा आकडा माझ्या वर्गातही बसलेला होता, हे मला उशिरा कळले. शेवटच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी प्रश्न विचारला की भलतेच उत्तर देई आणि वर्ग हसे. दोन सत्रे मी त्याला बेफिकीर समजलो. एकदा फळ्याकडे तोंड करून मी बोलत असता तो शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहीत असल्याचे ध्यानात आले. चौकशी केली, तेव्हा लहानपणापासून त्याचा कान वाहत असल्याचे समजले. घरी त्यावर गोडेतेल सोडण्यापलीकडे काही झाले नव्हते आणि त्यानेही ते लाजेने कोणास सांगितले नव्हते. पहिल्या बाकावर बसवल्यावर आणि मी वर्गाकडे तोंड करून बोलू लागल्यावर तोच मुलगा उत्तरे देऊ लागला. या सुधारणेला एक पैसाही खर्च आला नाही. त्याची दोन सत्रे मात्र गेली ती गेलीच, आणि ती माझ्यामुळे गेली.

म्हणून शिक्षकांनी, पालकांनी आणि आपण सर्वांनीच काही साध्या गोष्टी पाळावयास हव्यात. मूल हाकेला वळत नसेल, दीड-दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर उशिरा बोलेल म्हणून वाट पाहू नये. नवजात अर्भकाच्या कानांची चाचणी आता काही मिनिटांत होते आणि दोष जितक्या लवकर कळेल तितकी भाषा वाचते. वाहणारा कान ही दुर्लक्ष करण्याची बाब नव्हे. त्यात तेल, काडी, हेअरपिन यांपैकी काहीही घालू नये. कान-नाक-घशाच्या वैद्याला दाखवावे. गोवर, गालगुंड आणि रुबेला या रोगांमुळेही श्रवणशक्ती जाऊ शकते, म्हणून मुलांच्या लसी चुकवू नयेत. स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही औषधे अंतःकर्णास अपाय करतात. ती घेताना कानात आवाज घुमू लागला तर लगेच सांगावे. एका कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाले तर दोन-तीन दिवसांच्या आतच वैद्य गाठावा, कारण पुढे उपचाराचा उपयोग कमी होत जातो.

गोंगाटाविषयी तर आपण कमालीचे बेपर्वा आहोत. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम करणाऱ्याच्या कानांना धोका असतो, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. साखर कारखान्यात, यंत्रशाळेत काम करणाऱ्याने कानात बोळे घालणे हे नाजूकपणाचे लक्षण नव्हे. मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे तासन् तास नाचणारा तरुण आपल्या केसाळ पेशी स्वखुशीने उधळत असतो. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावू नये असा नियम २००० सालापासून आहे. तो पाळला जातो की नाही, हे वाचकांस मी सांगावयास नको.

आणि वृद्धांविषयी एक गोष्ट. घरातले आजोबा हळूहळू बोलणे कमी करतात, कीर्तनास जाईनासे होतात, दूरध्वनी दुसऱ्याकडे देतात. आपण म्हणतो, वय झाले. मध्यम वयापासून दुर्लक्षिलेल्या बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध असल्याचे अलीकडील संशोधन सांगते. चष्मा लावण्यास आपण लाजत नाही, मग श्रवणयंत्र लावण्यास का लाजावे? त्यांच्यासमोर ओरडू नये. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलावे. आणि त्यांनी पुन्हा विचारले असता काही नाही, राहू दे, असे कधीही म्हणू नये. या एका वाक्याने माणूस संभाषणातून कायमचा उठतो.

१८८३ साली रमाबाईंसाठी जे दार बंद झाले, त्याविषयी २०२४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. अपंगत्वाचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे एवढ्याच कारणासाठी कोणाला वैद्यकीय शिक्षणापासून दूर ठेवता येणार नाही. त्या व्यक्तीला प्रत्यक्ष अभ्यास करता येतो की नाही, हे तज्ज्ञांनी पाहिले पाहिजे. वाँटेजच्या त्या दिवसांपासून इथवर पोहोचण्यास एकशेएक्केचाळीस वर्षे लागली. न्यायालयाने दार उघडले तरी त्या दारापर्यंत मुलाला नेण्याचे काम घराचे आणि शाळेचे आहे. उद्या वर्गात हजेरी घेताना एखाद्या मुलाने दुसऱ्या हाकेला उत्तर दिले, तर रागावण्यापूर्वी त्याला पुढे बोलवावे आणि ऐकू येते का, एवढे विचारावे.